केक कापला, पण रोस्टरचं काय?

मागच्या अंकात हॉटेल व्यवसायातल्या वाचकांना आम्ही दोन प्रश्न विचारले होते: कामाच्या जागी तुमची करमणूक होते का, आणि तब्येत टिकते का? बहुतेक पत्रं दुसऱ्या प्रश्नावर आली. पहिल्यावर जी आली त्यांतही तक्रारच जास्त. पत्रं थोडक्यात आणि उत्तरं सविस्तर देत आहोत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

आमचं 60 खोल्यांचं हॉटेल आहे, स्टाफ 75. दर महिन्याला वाढदिवसांचा केक, खेळ, कधी रांगोळी, कधी डान्स असं सगळं करतो. महिन्याला 15 हजार खर्च होतात. तरी निम्मे लोक येत नाहीत आणि येतात ते मोबाइल बघत उभे राहतात. काय चुकतंय?
– एचआर एक्झिक्युटिव्ह, महाबळेश्वर

आधी कार्यक्रमाची वेळ पाहा. बहुतेक हॉटेलांत तो दुपारी चारला असतो, कारण एचआर आणि अकाउंट्सला चार वाजता सवड असते. आता बाकीच्यांचं बघा. सकाळी सातला आलेला हाउसकीपिंगचा मुलगा चारला सुटतो, म्हणजे कार्यक्रम त्याच्या घरी जाण्याच्या वेळेतून कापला जातो. रेस्टॉरंटमधला ब्रेक शिफ्टवाला अकरा ते तीन आणि सात ते अकरा असा राबतो. त्याला मधल्या चार तासांत जेमतेम दीड तास झोप मिळते, तीही तुम्ही मागता. रात्रपाळीवाला तर त्या वेळी गाढ झोपलेला असतो. आले नाहीत ते रुसलेले नाहीत, दमलेले आहेत.

कार्यक्रम दोनदा करा आणि दोन्ही वेळा ड्युटीच्या तासांत. पहिला सव्वातीन ते चार. तेव्हा सकाळची पाळी संपत असते, दुपारची आलेली असते, आणि त्या पाऊण तासात दोन्ही पाळ्यांचे लोक हॉटेलात असतात. दुसरा सव्वासहा ते पावणेसात, ब्रेक शिफ्टवाल्यांसाठी, संध्याकाळच्या ब्रीफिंगच्या आधी चहासोबत. त्यांना पाऊण तास लवकर बोलावत असाल तर तो पाऊण तास हजेरीत लावा. रात्रपाळीच्या चार-पाच जणांसाठी रात्री अकराच्या हँडओव्हरला वेगळा खाऊ ठेवा. उरलेल्या केकचा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवू नका, तो अपमान वाटतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कोणालाही बोलवायचं नाही, 'थोडा वेळ ये रे' म्हणूनसुद्धा नाही. ती सुट्टी सलग 24 तासांची असते आणि मधे तासभर तोडली की ती सुट्टी राहत नाही.

आता खेळांकडे वळू. बेड मेकिंगची शर्यत, नॅपकिन फोल्डिंग, ट्रे घेऊन धावणं, हे हॉटेलातले ठरलेले 'फन गेम'. ज्याचा हात बसलेला आहे त्याला त्यात मजा येते, हे खरं. पण दिवसभर चौदा बेड लावून आलेल्याला पंधरावा बेड टाळ्यांच्या गजरात लावायला सांगणं ही करमणूक नव्हे. असे खेळ सप्टेंबरच्या हाउसकीपिंग वीकसाठी किंवा 20 ऑक्टोबरच्या शेफ डेसाठी राखून ठेवा. ते कौशल्याच्या स्पर्धेसारखे घ्या, बक्षीस रोख द्या आणि नाव ज्याने त्याने स्वतः नोंदवायचं ठेवा. एरवीसाठी हाउजी, कॅरम, अंताक्षरी, बॉक्स क्रिकेट पुरे. डान्स सक्तीचा नको, आणि हॉटेलच्या पेजवर टाकायला रील काढण्यासाठी तर अजिबात नको. कॅमेरा आला की तो कार्यक्रम मार्केटिंगचा होतो, आणि स्टाफला हे पहिल्या मिनिटात कळतं. फोटो काढण्याआधी विचारा. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

75 लोकांत सर्वांत जास्त चालणारी गोष्ट म्हणजे जेवण, पण त्यात एक अट आहे. वाढायला जनरल मॅनेजर, एफ अँड बी (खाण्यापिण्याच्या विभागाचा) मॅनेजर, एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर उभे राहतात आणि एरवी वाढणारे बसून खातात. मिसळ करायची तर सुकी मटकी 4 किलो (दोन दिवस आधी भिजवून मोड आणायची), फरसाण 4 किलो, पाव 200, वर कांदा-लिंबू. तीन-साडेतीन हजारांत होते. शेफला त्या दिवशी सुट्टी द्या. मिसळ कोणाच्या हातची हवी ते स्टाफला ठरवू द्या. बहुधा भांडी घासणाऱ्यांपैकी किंवा सिक्युरिटीतल्या कोणाच्या तरी हाताला चव असते आणि ती या निमित्ताने उघडकीला येते.

उरलेल्या पैशांतून चांगला कॅरम बोर्ड घ्या आणि पुरुषांच्या व बायकांच्या अशा दोन्ही लॉकर रूममध्ये एकेक भिंतीवरचा पंखा लावा. पंखा कार्यक्रमात मोडत नाही हे मान्य, पण रोज आठ तास फिरतो. आणि कंत्राटदाराकडून आलेले लोक, म्हणजे सिक्युरिटी, लाँड्री, बाग, यांची नावं यादीत आहेत ना ते तपासा. 75 च्या यादीत ती बऱ्याचदा नसतात. एका टेबलावर केक आणि दाराशी उभा सिक्युरिटीवाला ते बघतोय, एवढ्याने महिन्याभराचं सगळं वाया जातं.

शेवटचं, आणि तुम्हाला न आवडणारं. एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळ या गर्दीच्या दिवसांत कार्यक्रम करूच नका. त्या दिवसांत थकलेले कॉम्प ऑफ (सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दलच्या बदली सुट्ट्या) कोणाचे किती आहेत ती यादी नोटीस बोर्डावर लावा आणि प्रत्येकाच्या नावापुढे ती सुट्टी कधी मिळणार ती तारीख लिहा. त्या कागदापुढे जेवढी गर्दी होईल तेवढी कोणत्याही केकपुढे होणार नाही.

माझ्या हाताखाली अकरा मुली आहेत. सीझनला प्रत्येकीला 16 रूम पडतात. पाठ, मनगट, गुडघे सगळं दुखतं म्हणतात. मॅनेजमेंट म्हणते, वेलनेससाठी सकाळी झुंबा चालू करू. करावा का?
– हाउसकीपिंग सुपरवायझर, कळंगुट

झुंब्याच्या आधी कागद-पेन्सिल घ्या. चेकआउट झालेली रूम नीट करायला 40 मिनिटं लागतात, समुद्रकिनाऱ्यावर वाळूमुळे थोडी जास्तच. पाहुणा राहतोय त्या रूमला 20 ते 25. समजा 16 पैकी 9 रूम चेकआउटच्या आहेत. 9 गुणिले 40 म्हणजे 360 मिनिटं. उरलेल्या 7 रूम 22 मिनिटांनी 154. एकूण 514. आता शिफ्ट पाहा. नऊ तासांची 540 मिनिटं. त्यातून जेवणाची 30, ब्रीफिंगची 15, ट्रॉली भरणं आणि रिकामी करणं 30 वजा केली की हातात राहतात 465. म्हणजे लिफ्टची वाट, 'दुपारी या' म्हणणारे पाहुणे, लघवीला जाणं यांपैकी काहीही न धरता 49 मिनिटं कमी पडतात. ती 49 मिनिटं मुली जेवणातून आणि पाठीतून काढतात.

म्हणून रूम मोजू नका, गुण मोजा. राहती रूम 1 गुण, चेकआउट 2 गुण, मोठी रूम (स्वीट) किंवा एक्स्ट्रा बेड असेल तर आणखी अर्धा. एका गुणाला साधारण 21 मिनिटं धरली तर 465 मिनिटांत 22 गुण बसतात. तुमच्या 9 आणि 7 च्या वाटपाचे गुण होतात 25. हा आकडा घेऊन मॅनेजरकडे गेलात तर 'मुली आळशी झाल्यात' असं म्हणायला जागा राहत नाही. जास्तीचे गुण द्यायचेच असतील तर ओव्हरटाइम दुप्पट दराने लावावा लागतो, हेही त्याच कागदावर खाली लिहा.

पाठीचं दुखणं सगळ्यांत जास्त गादीखाली चादर खोचताना सुरू होतं. किंग साइज गादीचा कोपरा एका हाताने उचलून धरायचा आणि दुसऱ्याने खोचायचं, त्यात कंबर वळलेली. तीन उपाय आहेत. कोपऱ्याशी वाकण्याऐवजी एक गुडघा टेकवा. गादी उचलण्याऐवजी तळहात खाली ठेवून सपाट सरकवा. किंवा खालची चादर इलॅस्टिकची घ्या. मोठा बेड आणि ड्युव्हे कव्हर (रजईची खोळ) दोघींनी मिळून करायचं. जोडीने काम केल्यावर रूम सावकाश होतात असं वाटतं, पण एक बेड करत असताना दुसरीच्या बाथरूमचं केमिकल मुरत असतं, म्हणून हिशेब फारसा बिघडत नाही. ट्रॉलीत जड टॉवेल आणि लिनन मधल्या फळीवर, हलक्या वस्तू वर आणि खाली. ट्रॉलीची चाकं आठवड्यातून एकदा उलटी करून केस आणि दोरे कापून काढा. मनगटं दुखण्याचं निम्मं कारण तिथेच अडकलेलं असतं. टबसाठी लांब दांड्याचा ब्रश मागा. त्याची किंमत पाठीच्या एका एक्स-रेपेक्षा कमी असते.

केमिकलबद्दल एकच, पण जपून: कमोड साफ करण्याचं द्रव्य (तुमच्याकडे बहुधा त्याला आर-सिक्स म्हणतात) आम्ल असतं. त्यावर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो थोडासाही धोक्याचा ठरतो. डाग जात नाही म्हणून दोन्ही एकत्र ओतणारी एक तरी मुलगी प्रत्येक हॉटेलात असते. ब्लीच ट्रॉलीवर ठेवूच नका. स्प्रे हवेत न मारता फडक्यावर मारायचा.

पगारातून ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा) 0.75 टक्के हप्ता कापला जात असेल तर कंबरदुखीसाठी ईएसआयच्या डॉक्टरकडे जा आणि सुट्टीचं सर्टिफिकेट तिथूनच घ्या. अटी पूर्ण होत असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 70 टक्के मिळतात. बऱ्याच मुलींना हे माहीतच नसतं आणि त्या बिनपगारी घरी बसतात.

आणि झुंबा? गुण 22 वर आले की करा, हौस म्हणून. 25 वर असताना झुंबा म्हणजे सव्विसावा गुण.

मे महिन्यात आमच्या किचनमध्ये उभं राहवत नाही. मागच्या आठवड्यात तंदूरवरचा नवीन मुलगा चक्कर येऊन पडला. मालक म्हणतात कूलर लावतो.
– सू शेफ, नागपूर

नागपूरच्या मेमध्ये कोरड्या हवेत कूलर बाहेरच्या ओट्यावर छान चालतो. किचनमध्ये भांड्यांची वाफ असते, तिथे तो आणखी दमट हवा ढकलतो आणि घाम वाळत नाही. आधी एक्झॉस्ट बघा. हूडचे फिल्टर तेलाने बुजले की पंखा फिरतो, आवाज येतो, पण हवा ओढली जात नाही. टिश्यू पेपर हूडला लावून पाहा. चिकटून राहिला तर ठीक, गळून पडला तर फिल्टर काढून गरम पाण्यात डिग्रीझर घालून भिजवा. मेमध्ये हे आठवड्यातून दोनदा. दुसरी चूक म्हणजे एक्झॉस्ट बाहेर हवा फेकतो पण आत ताजी हवा यायला वाटच नसते. मागचं दार बंद असेल तर एक्झॉस्ट निम्म्याने चालतो. जाळीचं दार बसवा.

नवा मुलगा पडला यात आश्चर्य नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्याला पहिल्या दिवशी तंदूरपाशी पाळीचा पाचवा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोन पंचमांश, असं रोज पाचव्या हिश्श्याने वाढवायचं. गावी जाऊन आलेला जुना माणूससुद्धा पहिल्या दिवशी निम्म्यावर. सवय आठवड्याभराच्या रजेतही उतरते, आणि हे अनुभवी तंदूरवाले सर्वांत उशिरा मान्य करतात. तंदूरवर सलग 45 मिनिटं झाली की अदलाबदल, मग पंधरा मिनिटं भाजी चिरण्याच्या बाजूला.

पाणी तहान लागल्यावर नाही, घड्याळ बघून. दर 15-20 मिनिटांनी एक कप, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. दीड लिटरच्या वर मात्र तासाला नको. पाळीत दोनदा मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत. कोणाला फार घाम येत असेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचा अंदाज हाताने घ्यायचा नाही, शेफ असलात तरी.

चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले तर सावलीत झोपवून पाय वर आणि पाणी. पण माणूस बरळायला लागला, ओळख पटेनाशी झाली, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. बर्फाचं मशीन तुमच्याकडे आहेच. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका.

फ्रंट ऑफिसला रात्रपाळी, नऊ ते सात. तीन महिने झाले, झोपेचं वाटोळं झालंय. घरी जाताना बाइकवर डुलकी लागते.
– नाइट रिसेप्शनिस्ट, पुणे

बाइकचं आधी. पहाटेच्या डुलकीने माणसं मरतात. सुटल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. लॉकर रूममध्ये 20 मिनिटं डोळे मिटा, अलार्म लावून. 20 च्या वर गेलात तर उठल्यावर जडपणा येतो. जमलं तर त्या आठवड्यांत पीएमपीच्या बसने या-जा.

शरीराला सर्वांत मंदी पहाटे तीन ते पाच या वेळात येते. म्हणून नाइट ऑडिट (दिवसाचा हिशेब जुळवणं), रेट तपासणं, कॅश मोजणं हे सगळं अडीचच्या आत उरका. तीननंतर उभ्याने करायची कामं ठेवा: लॉबीची फेरी, की-कार्ड, सकाळच्या चेकआउटची बिलं छापणं. शेवटचा चहा किंवा कॉफी रात्री दोनला. आठला झोपायचं असेल तर मधे सहा तास हवेत. जेवण बारा-साडेबाराला करा, तीनला नको. आणि रात्रीच्या स्टाफला बुफेतला उरलेला भात देण्याची जी पद्धत आहे, त्याबद्दल लेखी तक्रार करा. रात्रपाळीला ताजं जेवण ही मोठी सोय नव्हे, दोन चपात्या, भाजी, अंडं एवढ्यानं भागतं. घरी खोलीला जाड काळा पडदा, फोन दुसऱ्या खोलीत.

तीन महिने सलग रात्रपाळी हे मात्र तुमच्या हातचं नाही, ड्युटी मॅनेजरच्या हातचं आहे. पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने. उलट्या क्रमाने शरीर जुळवून घेत नाही. रात्रपाळीचा टप्पा संपल्यावर दोन सुट्ट्या. आणि रात्री बाराला सुटलेल्याला सकाळी सातला बोलावणं बंद. युरोपात दोन ड्युट्यांमध्ये सलग 11 तासांची विश्रांती नियमानेच आहे. आपल्याकडचा एखादा शहाणा मॅनेजर तेवढी नियमाशिवाय देतो आणि त्याच्याकडे माणसं टिकतात.

पाहुणे काहीही बोलतात, एकाने हात धरला. कॅप्टन (वेटरांवरचा वरिष्ठ) म्हणाला, 'स्माइल कर, रेग्युलर आहेत.' हे कामाचा भाग समजायचं का?
– रेस्टॉरंट होस्टेस, मुंबई

नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या कॅप्टनने त्या मुद्दाम एक केल्या.

पहिली गोष्ट म्हणजे वैतागलेल्या, उद्धट पाहुण्यापुढे शांत राहणं. हे या धंद्यातलं काम आहे, आणि खरोखर काम आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये याला भावनिक श्रम म्हटलं. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं ठेवून आठ तास उभं राहिलं की माणूस पोती उचलल्यासारखा दमतो. या दमण्यावर विश्रांतीच लागते. म्हणून वाईट टेबल झालं की दहा मिनिटं फ्लोअरच्या बाहेर जायची मुभा हवी, आणि ती मागण्यासाठी एक ठरलेला साधा शब्द हवा. 'मी पॅन्ट्री बघून येते' एवढं म्हटलं की दुसरा स्टुअर्ड (वेटर) ते टेबल घेतो, कारण विचारायचं नाही. हे ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर ठरलं तरच चालतं.

दुसरी गोष्ट, हात धरणं. ही लैंगिक छळाची तक्रार आहे. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत एवढ्या महिला सदस्य, आणि एक सदस्य बाहेरची. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, त्यामुळे 'तो पाहुणा आहे, आम्ही काय करणार' हे उत्तर चालत नाही. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. आजच लिहून ठेवा: तारीख, वेळ, टेबल नंबर, बिल नंबर, जवळ कोण होतं, कॅप्टन नेमकं काय म्हणाला. आणि सीसीटीव्हीचं त्या वेळेचं फुटेज जपून ठेवा असा ईमेल आजच पाठवा, कारण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि मग ते 'मिळत नाही'.

मनावर ताण बसला असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि फुकट आहे.

निम्मा स्टाफ रत्नागिरी-सिंधुदुर्गचा. गणपतीला सगळ्यांनाच गावी जायचं असतं. दरवर्षी भांडणं होतात, दोघं-तिघं न सांगता जातात.
– मालक, लोणावळा

न सांगता जातात कारण तुम्ही उशिरा सांगता. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं आणि कोकणात जाणाऱ्या गाड्या गणपतीच्या दिवसांसाठी काही मिनिटांत भरतात. तुमची रजा पंधरा दिवस आधी मंजूर होत असेल तर त्या मंजुरीला अर्थ नाही, तोवर माणसाने तिकीट काढून ठेवलेलं असतं किंवा हातचं गेलेलं असतं. म्हणून यादी चतुर्थीच्या 75 दिवस आधी पक्की करा.

दुसरं, गणपती एकटा मोजू नका. एका वहीत वर्षाचे सगळे सण लिहा: गणपती, शिमगा, दिवाळी, छठ, ईद, नाताळ. बिहारच्या मुलांना दिवाळीनंतर सहाव्या दिवशीचा छठ हवा असतो, त्यांना गणपतीला थांबायला काही वाटत नाही. प्रत्येकाने पहिली आणि दुसरी पसंती लिहायची. यंदा गणपती मिळाला त्याला पुढच्या वर्षी दुसरा क्रमांक. वही रिसेप्शनच्या मागे उघडी ठेवायची, कपाटात नाही. आणि ज्याच्या घरचा गणपती आहे आणि मूर्ती त्यालाच आणायची आहे, त्याच्याशी वाद घालू नका. तो जाणारच.

टिप्सचा डबा मॅनेजर वाटतो. किचन आणि भांडीवाल्यांना काही मिळत नाही. योग्य पद्धत कोणती?
– कमी-थ्री (किचनमधला कनिष्ठ स्वयंपाकी), कोल्हापूर

मॅनेजर आणि मालक वाटपातून बाहेर, ही पहिली अट. मग गुण ठरवा. उदाहरणादाखल: स्टुअर्ड 6 जण, प्रत्येकी 10. कॅप्टन 2, तेही 10 च, कारण पगार आधीच जास्त असतो. किचन 7, प्रत्येकी 6. भांडी 4, प्रत्येकी 5. सफाई 2, प्रत्येकी 4. एकूण 150 गुण. आठवड्याला 18 हजार जमले तर एका गुणाला 120 रुपये. स्टुअर्डला 1,200, किचनला 720, भांड्यांना 600, सफाईला 480. सुट्टी घेतली असेल तर गुण हजर दिवसांच्या प्रमाणात. स्टुअर्ड कुरकुर करतील, पण प्लेट उशिरा आली की त्यांचीच टिप जाते हे त्यांनाही माहीत असतं.

डबा दोन कुलपांचा, एक किल्ली फ्लोअरकडे, एक किचनकडे. सोमवारी ब्रीफिंगला सगळ्यांसमोर मोजायचा. आता खरी गळती यूपीआयची आहे: पाहुणा बिलासोबत टिप स्कॅन करतो आणि ती मालकाच्या खात्यात मिसळते. कॅशियरने रोज वेगळ्या रकान्यात लिहून आठवड्याला रोख काढून डब्यात टाकायची. सर्व्हिस चार्जवर मात्र विसंबू नका. तो बिलात आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं.

मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगला आहे. बारा तास काम, एका खोलीत आठ जण. हे असंच असतं का?
– एक आई, नाशिक

असतं, पण असावं असं नाही. ट्रेनी हा शिकायला आलेला असतो, सुट्टीवर गेलेल्याची जागा भरायला नाही. त्याची लॉगबुक मागून बघा. सहा आठवडे एकाच विभागात, एकच काम असेल तर कॉलेजच्या ट्रेनिंग इन्चार्जला लेखी कळवा, फोनवर नको. तासांची नोंद त्याने रोज स्वतःच्या वहीत करावी. खोलीबद्दल आठ हा आकडा वाईट आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे रात्रपाळी आणि सकाळपाळीची मुलं एकाच खोलीत असणं. कोणाचीच झोप होत नाही. पाळीप्रमाणे खोल्या बदलून मागा. त्याला मालकाचा एक रुपयाही लागत नाही, म्हणून ते बहुधा मान्य होतं.

स्टाफ खूश आहे की नाही यासाठी मालकांना सर्व्हे हवा आहे. चांगली प्रश्नावली सुचवा.
– जनरल मॅनेजर, छत्रपती संभाजीनगर

प्रश्नावली वाटली की सगळे 'उत्तम' वर खूण करतात. अक्षर ओळखलं जाईल ही भीती कोणाला नसते? त्याआधी तुमच्याकडे पडून असलेले आकडे काढा. गेल्या वर्षी नोकरी सोडलेल्यांपैकी पहिल्या 90 दिवसांत किती गेले? निम्म्याहून जास्त असतील तर दोष भरतीत आणि पहिल्या महिन्याच्या वागणुकीत आहे. थकलेले कॉम्प ऑफ विभागवार किती? मोठ्या लग्नानंतरच्या दोन दिवसांत आजारपणाच्या रजा किती? लॉकर रूमच्या नळाला किती दिवसांपूर्वी पाणी येत नाही अशी नोंद झाली आणि तो कधी दुरुस्त झाला? पाहुण्याच्या खोलीतला नळ दोन तासांत होतो, त्याच्याशी ताडून पाहा.

आणि कॅफेटेरियातल्या उष्ट्याच्या डब्याचं रोज वजन करा. सलग चार दिवस डबा जड लागला तर त्या आठवड्याचा मेनू काढून बघा. बहुधा चारही दिवस दुधी असतो.